आवाज वॉरंटीत बसत नाही

आमच्या घरात फोन व्हायब्रेटवर ठेवण्यात अर्थ नाही, कारण आमचं घरच व्हायब्रेटवर आहे. भिवंडीत, कामतघरच्या गल्लीत खाली दाजींचे लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर आम्ही, अशी रचना. दाजी म्हणजे माझे चुलत सासरे. लूम सुरू असले की ओट्यावरचा चमचा आपला आपण सरकत सरकत सिंकपर्यंत जातो आणि मुलीचा दुधाचा पेला टेबलाच्या कडेला येऊन उभा राहतो. फोन थरथरला तर तो स्वतःहून थरथरला की लूमच्या संगतीने, हे कळायला मार्ग नसतो.

खाली कारखान्यात माणसं हातांनीच बोलतात. मूठ तोंडाशी नेली की चहा. पंजा वर नेला की वाढव. मनगटावर टिचकी मारली की शिफ्ट सुटली. दोन्ही हातांनी मिशी पिळली की दाजी आले. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासरची माणसं नाटकात काम करतात की काय! आता मीच खारबावला माहेरी गेले की आईकडे हाताने चहा मागते आणि आई माझ्याकडे काळजीने बघते.

तर मला फोनचा आवाज वाढवून हवा होता. एवढीच माझी मागणी. लोक फोनमध्ये कॅमेरे मागतात, मी घंटा मागत होते.

कारण आमची हेमाली. तिला ताप चढला की झटके येतात. डॉक्टर म्हणाले, "पाच-सहा वर्षांची झाली की जाईल हे. तोवर ताप चढू द्यायचा नाही, बस." डॉक्टरांचं ते "बस" मी रोज उशाखाली घेऊन झोपते. हेमाली गावाच्या दुसऱ्या टोकाला बालवाडीत जाते. मुद्दाम दुसऱ्या टोकाला, कारण तिथे लूम नाहीत आणि पोरांना टीचरचं बोलणं ऐकू येतं. अफीफा टीचर गुणी मुलगी आहे. हेमालीचं अंग जरा कोमट लागलं की लगेच फोन करते. हेमालीचे बाबा, म्हणजे हिरामण, काल्हेरच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर असतात आणि तिथे आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी घरात बसून एका ट्रान्सपोर्टवाल्याचे हिशेब करते. म्हणजे फोन उचलायला जगात एकटी मी, आणि माझ्याखाली लूम.

एकदा टीचरने फोनवर फोन केले आणि मला एकही ऐकू आला नाही. मी आपली सुटायच्या वेळेला बालवाडीत पोचले, तर हेमाली टीचरच्या मांडीवर, कपाळावर ओला रुमाल. झटका आला नव्हता. यायचा राहिला होता. टीचर म्हणाली, "फोन केला होता ताई, लागला नाही वाटतं." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात नवा फोन घेतला. दुकानदाराने "एकदम लाऊड" असं छातीवर हात ठेवून सांगितलं. घरी आणून लावला, हिरामणने दुसऱ्या खोलीतून रिंग दिली आणि आम्ही दोघं दचकलो, एवढा खणखणीत! मी हेमालीच्या आवाजातच रिंग भरली: "आई, फोन घे!" त्या दिवशी शुक्रवार होता हे आमच्या ध्यानात आलं नाही. शुक्रवारी आमच्याकडे लूमना सुट्टी असते. भिवंडीत जन्मलेल्या, वाढलेल्या, पदवी घेतलेल्या दोन माणसांनी शुक्रवारी घरी आणून फोनचा आवाज पारखावा, याला काय म्हणावं? शनिवारी सकाळी खाली खटके पडले आणि हेमालीचं "आई, फोन घे" फोनच्या आतच राहिलं.

मग सल्ले आले. आमच्याकडे सल्ल्यांना साप्ताहिक सुट्टी नाही. शेजारच्या मेहरुन्निसा चाची म्हणाल्या, "बेटा, टोपात ठेव फोन. आमचे अब्बा रेडिओ मटक्यात ठेवायचे. आवाज कैसा घूमके आता है, देख." मी फोन पितळेच्या टोपात ठेवला. आवाज खरंच घुमला, पण टोपही लूमच्या ठेक्यावर वाजायला लागला, आणि दोघांत टोप जिंकला. खारबावहून आई म्हणाली, "घर बदला." आईचे सल्ले नेहमी असे सुटसुटीत असतात. हिरामणच्या मित्राने मनगटावर बांधायचं घड्याळ सुचवलं, फोन आला की ते थरथरतं म्हणे. ते उसनं आणून बांधलं. दिवसभर ते थरथरतंय असं वाटून मी सारखी बघत होते, आणि खरंच थरथरलं तेव्हा पोळी लाटत होते. आमच्याकडे पोळपाटही थरथरतो.

दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "आगो, मंग फोनचा आवाज वाढव ना. त्यात काय हाय?" आणि आपल्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले. कारखान्याच्या तोंडाशी त्यांची केबिन आहे. आत लूमचा आवाज शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा येतो. दाजींचा फोन नेहमी पहिल्या रिंगला उचलला जातो.

लूमबद्दल बोलायची सोय नव्हती. आम्ही राहतो ते घर दाजींचं आहे, भाडं ते घेत नाहीत, आणि भाडं न घेणाऱ्या माणसाकडे आवाजाची तक्रार करता येत नाही.

फोन वॉरंटीत होता. मी सुशिक्षित बाई. सरळ कल्याण रोडवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथेही काच. काचेच्या आत एसी, एसीखाली टाय लावलेला इसम. त्याने माझ्या फोनवर रिंग दिली. त्या शांततेत "आई, फोन घे!" असं हेमाली एवढ्या जोरात म्हणाली की रांगेतली माणसं तिला शोधायला लागली.

"मॅम, स्पीकर नॉर्मल आहे."

"इथे नॉर्मल आहे. तुम्ही माझ्या घरी येऊन बघा."

"होम व्हिजिट पॉलिसीत नाही, मॅम."

"मग माझ्या घरचा आवाज इथे आणू का?"

त्याने माझ्याकडे बघून खूप समजूतदारपणे विचारलं, "घरात कोणी जेंट्स आहेत का? म्हणजे त्यांना समजावून सांगतो."

मी बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे, हे मला त्या वेळी मोठ्याने सांगायचं होतं. सांगितलं नाही. घरी येऊन मेहरुन्निसा चाचींना सांगितलं, पण लूम चालू होते.

आता भाविक. हा दाजींचा मुलगा, म्हणजे माझा दीर. डिप्लोमा पूर्ण झालेला नाही, पण आत्मविश्वास पूर्ण झालेला आहे. तो फोन हातात उलटापालटा करून म्हणाला, "वयनी, आवाज हाय आतमंदी. कंपनीने त्याला कुलूप लावलंय."

"कसलं कुलूप?"

"सॉफ्टवेअरचं. स्पीकरची ताकद मोठी असते, पन हे लोक मर्यादा घालतात. मी कुलूप काढतो, मर्यादा काढनारी फाइल टाकतो. खलास."

"वॉरंटी?"

"वॉरंटी कोनी बघितलीय?" भाविक म्हणाला. मी बघितली होती. पिशवीत घालून कपाटात ठेवली होती.

मी दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, बालवाडीच्या वेळात फोन तळहातावर धरून त्याच्याकडे बघत बसले. डोळ्याने फोन ऐकायचा. हिशेबाची कामं पडून राहिली, ट्रान्सपोर्टवाला फोन करून ओरडला, तोही मी बघितला. तिसऱ्या दिवशी भाविकला म्हटलं, "काढा कुलूप, भावजी."

त्याने लॅपटॉपला वायर जोडली. फोनच्या पडद्यावर इशारा आला: पुढे गेल्यास सगळी माहिती पुसली जाईल आणि वॉरंटी लागू राहणार नाही. खाली 'हो' आणि 'नाही'. मी म्हणाले, "थांबा, मला नीट वाचू द्या."

"सगल्यांना येतं ते," असं म्हणत भाविकने 'हो' दाबलं. माझ्या आयुष्यातले बरेच 'हो' असेच दुसऱ्याने दाबलेले आहेत, पण तो विषय वेगळा. हेमालीचे फोटो आणि तिची ती रिंग मी आधीच दुसरीकडे काढून ठेवली होती. काळजी करणाऱ्या बाईचे फोटो कधी जात नाहीत, बाकी सगळं जातं.

फोन परत सुरू झाला तो चिठ्ठी गळ्यात अडकवूनच. या फोनच्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवता येणार नाही, अशी पाटी दर वेळी सुरू करताना यायला लागली. बँकेच्या ॲपने ती पाटी वाचून लगेच दार लावून घेतलं. पण आवाज! बाहेरून भाविकने रिंग दिली आणि लूम पूर्ण जोरात असताना हेमाली माझ्या कानाशी ओरडली: "आई, फोन घे!" आवाज थोडा फाटलेला होता, पोरगी तंबाखू खाते की काय असा, पण ऐकू आला. खालच्या एका कामगारानेही तो ऐकला आणि जिन्याशी येऊन कानाला हाताचा फोन लावून दाखवला. मी त्या दिवशी भाविकला शिरा करून घातला.

तो सुखाचा काळ गुरुवारपर्यंत टिकला. कारण फोनची मर्यादा काढली होती, शुक्रवारची नव्हती. शुक्रवारी दुपारी सगळी गल्ली निवांत. चाचींचे यजमान फखरुद्दीन चाचा नमाज पढून, जेवून, खाटेवर आडवे झाले होते. मी अंघोळीला गेले होते. आणि त्या शांततेत माझा फोन ओरडला. हेमालीची ती राक्षसी हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुत्री उठली. चाचा खाटेवरून उठले ते थेट चपला घालूनच. मी ओल्या केसांनी धावत आले, तोवर आमच्या दारात माणसं जमली होती.

"पोरगी पडली काय गं कुठं?" चाची विचारत होत्या.

फोन वैयक्तिक कर्ज देणाऱ्या बाईचा होता.

फखरुद्दीन चाचा सभ्य माणूस. नुसतं म्हणाले, "बेटा, माझी एक अँजिओप्लास्टी झालीय. दुसरी तुझ्या फोनमुळे नको."

त्याच संध्याकाळी हेमालीचा आवाज चिरकायला लागला. शनिवारी तो किसणीवर घासल्यासारखा आला. रविवारी स्पीकरने एकदा 'फट्' केलं आणि मौन धरलं. मर्यादा काढल्यावर जे होतं ते झालं होतं. भाविक म्हणाला, "स्पीकरच हलका वापरलाय कंपनीने. वॉरंटीत बदलून घे."

"वॉरंटी तर गेली ना?"

"सॉफ्टवेअरची गेली, वयनी. स्पीकर ही वस्तू हाय. वस्तूची कशी जाईल?"

हे मला पटलं. पटायचं कारण असं की मला दुसरा मार्ग नव्हता. पुन्हा कल्याण रोड, पुन्हा काच, पुन्हा तोच टाय. मी मुद्दे पाठ करून गेले होते. वॉरंटी सुट्या भागाला असते, स्पीकर हा सुटा भाग आहे, सॉफ्टवेअरमुळेच तो बिघडला हे कंपनीने दाखवून द्यायला हवं. त्याने शांतपणे फोन बंद करून चालू केला. पाटी आली. विश्वास ठेवता येणार नाही. त्याने फोन माझ्याकडे वळवला. रांगेतल्या सगळ्यांनी आधी पाटी वाचली, मग मला.

"मॅम, तुम्ही बूटलोडर अनलॉक केलाय."

"केला, काढलं कुलूप. पण स्पीकर..."

"कशासाठी केला, मॅम?"

माझा तयार केलेला मुद्दा इथेच बसला. खरं बोलले तर स्पीकर आवाज वाढवूनच जळला हे मीच सिद्ध करून देणार. तरी बोलले. "आवाज वाढवायला. मागच्या वेळी तुम्ही वाढवून दिला नाहीत म्हणून."

"बरोबर आहे, मॅम," तो म्हणाला आणि टाइप करायला लागला. "कस्टमरने आवाज वाढवण्यासाठी बदल केला." मी दिलेलं एकुलतं एक प्रामाणिक उत्तर कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचं जाऊन बसलं.

"मग पैसे घेऊन बदलून द्या स्पीकर."

"बदल केलेला फोन आम्ही ओपन करत नाही, मॅम. मूळ सॉफ्टवेअर हवं."

घरी आले. भाविक हसला. "एवढंच ना? परत जुनं सॉफ्टवेअर टाकतो, परत कुलूप लावतो. कंपनीच्या बापाला कलनार न्हाय."

हिरामण नेहमी गप्प असतो, पण तेव्हा म्हणाला, "आता राहू दे की." मी म्हणाले, "राहू दे तर राहू दे, उद्या टीचरचा फोन आला तर तुमच्या लॉकरमध्ये वाजणार आहे का?" भांडणात जिंकल्यावर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

भाविकने आधी कुलूप लावलं आणि मग जुनं सॉफ्टवेअर टाकायला गेला. हे उलट क्रमाने करायचं असतं हे त्याने दाखवलेल्या व्हिडिओतच पुढे होतं, पण त्याने व्हिडिओ अर्धाच बघितला होता. फोन काळा पडला. बटण दाबलं तरी काळा, चार्जिंगला लावला तरी काळा. आता विश्वास ठेवता येणार नाही असंही म्हणेना.

"हे एक बरं झालं," भाविक थोडा वेळ डोकं खाजवून म्हणाला. "आता चालूच होत न्हाय म्हटल्यावर पाटी कुठून येनार? सांगायचं, आपोआप बंद पडला."

मी पुन्हा गेले. हो, गेले. लाज वगैरे मी रिक्षातच उतरवून ठेवली होती. टायवाल्याने फोन हातातही घेतला नाही. नंबर टाकला, आणि पडद्यावर माझं मागचं वाक्य त्याने मला वाचून दाखवलं. मग म्हणाला, "मॅम, मनापासून सांगतो, नवीन मॉडेलचा आवाज चांगला आहे." आणि रिंग ऐकवली. त्या काचेत ती छान वाजली.

सिम कार्ड हिरामणच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये गेलं. त्याची रिंग फक्त शुक्रवारी ऐकू यायची. मी बालवाडीत जाऊन अफीफा टीचरला दुसरा नंबर दिला, दाजींचा. द्यायचा नव्हता. दाजी म्हणजे सगळ्या कामतघरला सांगणार की सून फोन उचलत नाही. पण काचेत बसणारा आमच्या घरात एकच माणूस होता.

मंगळवारी मी आत ओट्याशी होते. बटणांचा फोन समोर ठेवला होता, पण डाळीला फोडणी देताना पाठ फिरते. खिडकीवर काहीतरी टणकन आपटलं. कबुतर असेल म्हणून मी "हुश" केलं. पुन्हा आपटलं. पुन्हा "हुश". ती कबुतरं म्हणजे सुताच्या कांड्या होत्या आणि खालून दाजी त्या नेम धरून मारत होते. दाजींचे गुडघे जिना चढत नाहीत.

आणि मग लूम थांबले.

मंगळवारी, भर दुपारी, भर शिफ्टमध्ये. एकेक नाही, सगळे एकदम. मला आधी कळलंच नाही काय झालं, वाटलं माझे कान गेले. मग नळाचा थेंब ऐकू आला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि खालून दाजींचा आवाज आला, काच नाही, फोन नाही, नुसता माणसाचा आवाज:

"मृणाली! धाव! पोरगी तापलीय! टीचरचा फोन हाय!"

मी गॅस बंद केला की नाही आठवत नाही. चाचींनी केला, हे नंतर कळलं. औषधाची बाटली माझ्या पर्समध्ये असतेच. जिना उतरले तर कारखान्यातली सगळी माणसं हात खाली सोडून उभी होती, एकही हात बोलत नव्हता. भाविकने बाइक काढून ठेवलेली. त्या मुलाला रस्ता मात्र पूर्ण माहीत होता.

पोचले तेव्हा हेमालीचे डोळे तांबारले होते, पण ती मला बघून "आई" म्हणाली. औषध पोटात गेलं, टीचरने आणि मी मिळून अंग पुसलं, डॉक्टरकडे गेलो. ताप उतरला. झटका आला नाही. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलीत." मी रडले नाही. दवाखान्याच्या जिन्यात भाविक रडला.

संध्याकाळी हेमालीला खांद्यावर घेऊन परत आले, तेव्हा दाजी केबिनच्या दारात उभे होते. लूम अजून बंदच. तुटलेले धागे कामगार जोडत बसले होते.

"हाय ना बरी?" त्यांनी हेमालीच्या पाठीला हात लावून बघितला.

"बरी आहे. दाजी, तुम्ही लूम बंद केलेत म्हणून..."

"मंग काय करनार? मेन स्विच वढला. हाताशीच हाय माज्या." त्यांनी केबिनच्या भिंतीकडे बोट केलं. लाल मुठीचा स्विच. मी रोज येता-जाता तो बघते. आम्ही फोनची आतडी बाहेर काढली, कंपनीच्या दारात जाऊन मान खाली घातली, आणि हा इथे भिंतीवर होता.

"पन बघ गो," दाजी म्हणाले आणि त्यांनी एका लूमवरचं कापड माझ्यापुढे ताणलं. पांढऱ्या कापडात एक आडवी रेघ उमटली होती, लूम थांबले तिथे. "ही पट्टी. आता व्यापारी आख्खा तागा परत करील. म्हनंल, मालात गडबड हाय. बाकीचं कापड कितीबी चांगलं असू दे, तो आयकनार न्हाय."

"माझ्या फोनचंही तेच झालं, दाजी," मी म्हणाले.

ते हसले. मला धीर आला. खांद्यावर हेमाली झोपली होती, तिचा गार गाल माझ्या मानेला लागत होता, आणि त्या शांततेत हळू बोललेलंही ऐकू जात होतं. अशी वेळ पुन्हा कधी येणार? मी म्हणाले, "दाजी, मग असंच ठरवू या का? टीचरचा फोन तुमच्याकडे आला तर एक मिनिट स्विच..."

दाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कुणीतरी काम झाल्याची खूण केली, दाजींनी वळून लाल मूठ वर ढकलली आणि सगळे लूम एकदम सुरू झाले. हेमाली माझ्या खांद्यावर दचकली.

दाजींचे ओठ हलत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. ते त्यांच्याही ध्यानात आलं, म्हणून त्यांनी बोलणं सोडलं आणि हातांनी सांगितलं, सावकाश, मला नीट कळावं म्हणून. एका हाताचा फोन करून कानाला लावला. दुसरा पंजा कमरेशी धरला आणि वर नेला, अजून वर, अजून वर.